विमानतळावरील सुरक्षा तपासणी आणि चौकशी : प्रवाशांचे घटनात्मक हक्क

विमानाने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा तपासणीतून जावे लागते. बहुतेकांची तपासणी काही मिनिटांत संपते. मात्र कधी बॅग बाजूला काढली जाते, कधी प्रश्न विचारले जातात, तर कधी ‘जरा इकडे या’ असे सांगून वेगळ्या खोलीत नेले जाते. अशा वेळी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक आहे, कशाला नकार देता येतो आणि नकाराचा परिणाम काय होतो, याची माहिती असणे आवश्यक आहे.

या लेखात लखनौच्या चौधरी चरणसिंह आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या संदर्भात ही माहिती दिली आहे. अयोध्या आणि नैमिषारण्याचे यात्रेकरू, नोकरी, शिक्षण किंवा लष्करी सेवेनिमित्त ये-जा करणारे अनेक मराठी प्रवासी या विमानतळाचा उपयोग करतात. तेथील बोलणे प्रामुख्याने हिंदीत होते, म्हणून भाषेच्या हक्काची माहिती स्वतंत्रपणे दिली आहे. येथे सांगितलेल्या घटनात्मक व कायदेशीर तरतुदी मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोव्याच्या विमानतळालाही लागू आहेत.

थोडक्यात

- सुरक्षा तपासणीला नकार देता येतो. पण मग विमानात बसता येत नाही. नकार देणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही.
- तपासणी, चौकशी आणि अटक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक टप्प्यावर आपले हक्क बदलतात.
- स्त्री प्रवाशाची अंगझडती फक्त स्त्री कर्मचारीच घेऊ शकते.
- अटक झाल्यास त्याची कारणे आपल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, वकिलाला भेटता आले पाहिजे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले गेले पाहिजे.
- न वाचलेल्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका.

विमानतळावर कोण प्रश्न विचारू शकते?

गणवेशातील प्रत्येक व्यक्तीचे अधिकार सारखे नसतात. म्हणून समोरची व्यक्ती कोणत्या विभागाची आहे हे आधी समजून घ्यावे.

*केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल म्हणजे सीआयएसएफ.* प्रवेशद्वारावर ओळखपत्र व तिकीट पाहणे, अंगाची आणि हातातील सामानाची तपासणी करणे ही कामे हे दल करते. लखनौ विमानतळ चालवण्याची जबाबदारी २ नोव्हेंबर २०२० पासून अदानी समूहाकडे आहे. पण तेथील सुरक्षा केंद्रीय दलाकडेच आहे. हे दल राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्थे’चा भाग आहे. त्यामुळे विमानतळ खासगी कंपनी चालवत असली, तरी तपासणीच्या रांगेत आपले मूलभूत हक्क कायम असतात.

*विमान कंपनी व विमानतळ चालकाचे कर्मचारी.* चेक-इन काउंटरवर ते सामानाबद्दल प्रश्न विचारतात. ‘बॅग स्वतः भरली का?’, ‘कोणी काही नेण्यासाठी दिले आहे का?’ हे त्यातील नेहमीचे प्रश्न. या कर्मचाऱ्यांना पोलिसांचे अधिकार नाहीत.

*सीमाशुल्क म्हणजे कस्टम्स विभाग.* आंतरराष्ट्रीय प्रवाशांकडील सोने, चलन आणि करपात्र वस्तूंबाबत हे अधिकारी चौकशी करतात. त्यांचे अधिकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधून येतात.

*इमिग्रेशन अधिकारी.* परदेशी जाताना व येताना पासपोर्ट आणि व्हिसा तपासतात.

*उत्तर प्रदेश पोलीस.* गुन्हा नोंदवणे, त्याचा तपास करणे आणि त्या प्रकरणात अटक करणे हे मुख्यतः स्थानिक पोलिसांचे काम आहे. लखनौमध्ये जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे.

या सर्वांच्या सुरक्षाविषयक निकषांवर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोची म्हणजे बीसीएएसची देखरेख असते. १९७६ मधील विमान अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. जून १९८५ मधील ‘कनिष्क’ विमानाच्या दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ रोजी तिला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

राज्यघटनेतील कोणत्या तरतुदी लागू होतात?

*अनुच्छेद १४ व १५ – समानता.* केवळ धर्म, जात, लिंग, वंश किंवा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेला भेदभाव करता येत नाही. निवडक प्रवाशांची अधिक तपासणी करता येते. पण त्यामागे सुरक्षेचे कारण असावे लागते.

*अनुच्छेद १९(१)(ड) – देशभर मुक्त संचार.* हा हक्क भारतीय नागरिकांना आहे. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. सुरक्षा तपासणी हा असाच एक निर्बंध आहे.

*अनुच्छेद २०(३) – स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही.* गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध बोलण्यास भाग पाडता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे संरक्षण न्यायालयापुरते नसून पोलिसांच्या चौकशीतही मिळते. मात्र झडती घेणे, बोटांचे ठसे घेणे म्हणजे ‘साक्ष देण्याची सक्ती’ नव्हे. त्यामुळे बॅग उघडण्यास या अनुच्छेदाच्या आधारे नकार देता येत नाही.

*अनुच्छेद २१ – जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य.* परदेशप्रवासाचा हक्क यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी प्रकरणात १९६७ मध्ये मान्य केले. मनेका गांधी प्रकरणात (१९७८) न्यायालयाने सांगितले, की स्वातंत्र्यावर मर्यादा आणणारी प्रक्रिया न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला.

*अनुच्छेद २२ – अटकेच्या वेळचे संरक्षण.* अटकेची कारणे कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे, हे हक्क या अनुच्छेदात आहेत.

अनुच्छेद १४, २०, २१ आणि २२ मधील संरक्षण फक्त नागरिकांसाठी नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या नातेवाइकांनाही भारतीय विमानतळावर ते मिळते. अनुच्छेद १५ व १९ मात्र भारतीय नागरिकांपुरते आहेत.

पहिला टप्पा : तपासणी

तपासणीचा हेतू मर्यादित आहे. विमानाला किंवा प्रवाशांना धोका होईल अशी वस्तू आत जाऊ नये, एवढाच तो हेतू आहे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ (१ जानेवारी २०२५ पासून लागू, त्याने १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा घेतली) आणि विमान सुरक्षा नियम हे तिचे कायदेशीर आधार आहेत.

या टप्प्यावर विचारले जाणारे प्रश्न वस्तूंबद्दल असतात. उदाहरणार्थ, लखनौहून परतताना अत्तराच्या बाटल्या घेतल्या असतील तर ‘या बाटलीत काय आहे?’ असे विचारले जाईल. चिकनकारीच्या सामानासोबत कात्री असेल तर ती दाखवायला सांगतील. यात्रेहून आणलेल्या तांब्यात गंगाजल आहे का, हेही विचारतील. अशा प्रश्नांची सरळ उत्तरे द्यावीत. उत्तर न दिल्यास ती वस्तू किंवा आपण स्वतः पुढे जाऊ शकणार नाही.

एखादी वस्तू केबिनमध्ये नेता येणार नाही असे सांगितले गेल्यास आपल्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात : ती चेक-इन सामानात घालता येते का, हे विमान कंपनीला विचारणे, सोडायला आलेल्या व्यक्तीकडे परत देणे, किंवा तेथेच सोडून जाणे. यांपैकी काय शक्य आहे हे शांतपणे विचारावे. परत जाण्यास लागणारा वेळ लक्षात घ्यावा.

*स्त्रिया.* स्त्री प्रवाशांची तपासणी पडद्याआड, स्त्री कर्मचाऱ्याकडूनच होते. ओळख पटवण्यासाठी चेहऱ्यावरील बुरखा किंवा पदर बाजूला करण्यास सांगितल्यास, ते स्त्री कर्मचाऱ्यासमोर आडोशाला करण्याची विनंती करावी. गर्भवती स्त्रिया आणि पेसमेकर बसवलेले रुग्ण यंत्राऐवजी हाताने तपासणी करण्याची विनंती करू शकतात. डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवल्यास वेळ वाचतो.

*दिव्यांग प्रवासी.* ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढायला लावला जातो, अशी व्यथा जाहीरपणे मांडली. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगता येतो, असे स्पष्ट केले. त्यानंतर १ डिसेंबर २०२१ रोजी जीजा घोष प्रकरणातील अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मानवी प्रतिष्ठेचा विचार करता कृत्रिम अवयव वा कॅलिपर काढायला लावू नये. याच जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवण्यात आले होते. त्या प्रकरणी २०१६ मध्ये न्यायालयाने १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. काठी, कुबड्या, चाकांची खुर्ची किंवा कृत्रिम अवयव असल्यास तपासणी सुरू होण्यापूर्वीच तसे सांगावे आणि खासगी जागेची मागणी करावी.

*धार्मिक चिन्हे.* कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. मार्च २०२२ मधील बीसीएएसच्या आदेशानुसार देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशांना एकूण ९ इंचांपर्यंत लांबीची, आणि पाते ६ इंचांपेक्षा जास्त नसलेली कृपाण बाळगता येते. ही सवलत इतर धारदार धार्मिक वस्तूंना नाही. त्रिशूळ, परशू यांच्या धातूच्या प्रतिकृती चेक-इन सामानात ठेवाव्यात.

*मोबाइल व लॅपटॉप.* उपकरण ट्रेमध्ये ठेवायला किंवा सुरू करून दाखवायला सांगता येते. ते खरे उपकरण आहे की नाही हे पाहणे हा त्यामागील हेतू असतो. आपले संदेश, छायाचित्रे किंवा बँकेचे व्यवहार वाचणे हा सुरक्षा तपासणीचा भाग नाही. तसे सांगितले गेल्यास ‘हे कोणत्या कायद्याखाली मागत आहात?’ असे नम्रपणे विचारावे. गुन्ह्याच्या तपासात पासवर्ड देण्याची सक्ती करता येते का, याबाबत वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. त्यामुळे प्रकरण तपासापर्यंत गेले असल्यास वकिलाचा सल्ला घेऊनच पासवर्डबाबत निर्णय घ्यावा.

दुसरा टप्पा : चौकशी

वस्तूबद्दलचे प्रश्न संपून आपल्याबद्दलचे प्रश्न सुरू झाले, म्हणजे कोठून आलात, कोणाला भेटलात, पैसे कोणाचे, सोबतची व्यक्ती कोण, की परिस्थिती बदललेली असते. नाव, ओळखपत्र आणि प्रवासाचा तपशील सांगण्यात अडचण नसावी. त्यापलीकडे, आपण साधे प्रवासी आहोत की आपल्यावर संशय घेतला जात आहे, हे जाणून घेणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी एक प्रश्न विचारावा. लखनौमध्ये तो हिंदीत असा विचारता येईल :

‘क्या मैं जा सकता हूँ, या मुझे रोका गया है? रोका गया है तो किस कारण से?’

स्त्रियांनी ‘जा सकती हूँ’ असे म्हणावे. उत्तर ‘जा सकते हैं’ असे आले, तर चौकशी संपली. ‘रोका गया है’ असे आले, तर वेळ पाहून ठेवावी, अधिकाऱ्याचे नाव व पद विचारावे आणि घरी कळवू देण्याची मागणी करावी.

पोलीस तपासात साक्षीदार म्हणून प्रश्न विचारत असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १८० लागू होते. त्यानुसार खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे. मात्र ज्या उत्तराने स्वतःवर गुन्ह्याचा आरोप, दंड किंवा मालमत्ता जप्ती ओढवू शकते, ते देण्याचे बंधन नाही. गप्प राहता येते, पण खोटे सांगू नये. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या अशा जबाबावर सही करायची नसते. कलम १८१ मध्ये तसे नमूद आहे.

पोलिसांना साक्षीदाराला बोलवायचे असल्यास लेखी आदेश द्यावा लागतो. कलम १७९ नुसार स्त्रिया, १५ वर्षांखालील व ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

तिसरा टप्पा : ताब्यात घेणे आणि अटक

सीआयएसएफच्या जवानाला काही विशिष्ट परिस्थितींत वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार आहे. सीआयएसएफ अधिनियम, १९६८ च्या कलम ११ मध्ये त्या नमूद आहेत. पण हे दल अटक केलेल्या व्यक्तीला स्वतःकडे ठेवून घेऊ शकत नाही. कलम १३ नुसार अनावश्यक विलंब न करता तिला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात पोहोचवावे लागते, आणि सोबत अटकेच्या परिस्थितीचा अहवाल द्यावा लागतो.

‘अटक नाही, फक्त चौकशीसाठी बसवले आहे’ असे अनेकदा सांगितले जाते. शब्द कोणताही वापरला, तरी प्रत्यक्षात उठून जाण्याची मुभा आहे का, हे महत्त्वाचे असते. अशाक हुसेन अल्लाह देथा या सीमाशुल्क विभागाशी संबंधित प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे, की अधिकाऱ्याने कागदावर अटकेची वेळ कोणती लिहिली यावरून अटक ठरत नाही. व्यक्तीच्या हालचालीवर प्रत्यक्ष बंधन आले तेव्हापासून ती अटकेत असते. म्हणून आपल्याला कधी थांबवले, कोठे बसवले, फोन कधी काढून घेतला, या वेळा लक्षात ठेवाव्यात. २४ तासांची गणना पुढे याच तपशिलावर अवलंबून राहू शकते.

अटक झाल्यास आपले हक्क :

- अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा तयार करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते (कलम ३६).
- चौकशी चालू असताना पसंतीच्या वकिलाला भेटता येते. मात्र वकील संपूर्ण चौकशीभर शेजारी बसेलच असे नाही (कलम ३८).
- अटकेची कारणे व गुन्ह्याचा तपशील सांगितला पाहिजे (कलम ४७).
- आपण सांगू त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची व आपण कोठे आहोत याची माहिती दिली पाहिजे (कलम ४८).
- अटकेनंतर वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे (कलम ५३). अंगावर इजा असल्यास ती नोंदवून घ्यावी.
- अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही (कलम ४३).
- प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे (कलम ५८).

वकील करण्याची ऐपत नसल्यास मोफत कायदेशीर मदत मिळते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती तिला पात्र आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

भाषेचा हक्क

लखनौमध्ये चौकशी हिंदीत आणि कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीत असण्याची शक्यता जास्त. हिंदी चित्रपट समजतो, म्हणून कायद्याची हिंदी समजेलच असे नाही. ‘बरामदगी’, ‘फर्द’, ‘सुपुर्दगी’ असे शब्द कागदावर असतील, तर त्यांचा अर्थ विचारावा.

हा हक्क महाराष्ट्रातील दोन प्रकरणांमुळे अधिक स्पष्ट झाला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. स्थानबद्ध व्यक्तीला इंग्रजी येत नव्हते आणि हिंदी भाषांतराची त्यांची मागणी नाकारली गेली होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. त्याच क्षणी लेखी देणे शक्य नसेल, तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी द्यावीत. तसे न झाल्यास अटक बेकायदेशीर ठरते.

त्यामुळे आपण स्पष्टपणे सांगू शकता : ‘मुझे मराठी आती है। कारण मराठी में लिखकर दीजिए।’ ही मागणी केल्याची नोंद करण्यासही सांगावे.

आंतरराष्ट्रीय प्रवास : सीमाशुल्क विभागाची चौकशी

आखाती देशांतून लखनौला उतरणाऱ्या प्रवाशांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढील चौकशी पोलिसांच्या चौकशीपेक्षा वेगळी असते.

अंगझडतीपूर्वी ‘मला राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर न्या’ अशी मागणी करता येते आणि ती मान्य करणे बंधनकारक आहे (सीमाशुल्क अधिनियम, कलम १०२). झडतीच्या वेळी किमान दोन पंच हवेत. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते.

कलम १०८ खालील समन्स मिळाल्यास हजर राहून खरे सांगणे बंधनकारक आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. सीमाशुल्क अधिकारी मात्र कायद्याच्या दृष्टीने पोलीस नसल्यामुळे त्यांच्यासमोर दिलेला जबाब आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. पुढची फ्लाइट पकडण्याच्या घाईत ‘सही करा आणि जा’ या आश्वासनावर अनेक जण सही करतात. फ्लाइट चुकली तर दुसरे तिकीट काढता येते. सही केलेला जबाब खटला संपेपर्यंत सोबत राहतो. म्हणून :

- जबाब शक्यतो स्वतःच्या हस्ताक्षरात, येत असलेल्या भाषेत लिहावा.
- प्रत्येक पान वाचून मगच सही करावी. कोऱ्या कागदावर सही करू नये.
- जप्त केलेल्या वस्तूंची यादी व पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.
- दबावाखाली जबाब घेतला गेला असल्यास पहिल्याच संधीला, दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा लेखी पत्राने, तसे कळवावे. उशीर झाल्यास त्यावर विश्वास बसणे कठीण होते.

राधिका अग्रवाल प्रकरणात २७ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अटकेच्या वेळचे संरक्षण सीमाशुल्क विभागाने केलेल्या अटकेलाही लागू आहे.

परदेशी जाताना अडवल्यास

इमिग्रेशन काउंटरवर अडवले जाण्याचे एक कारण ‘लुकआउट सर्क्युलर’ असू शकते. ते कोणत्या विभागाच्या सांगण्यावरून निघाले हे विचारावे आणि लेखी उत्तर मागावे. जानेवारी २०१५ मध्ये दिल्ली विमानतळावर अडवल्या गेलेल्या प्रिया पिल्ले यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये ते सर्क्युलर रद्द केले. कर्जवसुलीसाठी सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना अशी सर्क्युलर काढण्याची मागणी करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला. अशा प्रकरणात उच्च न्यायालयात दाद मागता येते.

हे टाळा

- बॉम्ब, अपहरण, शस्त्र यांविषयी विनोद करू नका. खोटी धमकी किंवा अफवा हा गुन्हा आहे आणि ‘गंमत केली’ हा बचाव कामी येत नाही.
- जवानाला धक्का देणे, हात झटकणे, अपशब्द वापरणे टाळा. सरकारी कामात अडथळा आणल्याचा स्वतंत्र गुन्हा दाखल होऊ शकतो.
- तपासणीच्या जागी मोबाइलवर चित्रीकरण करू नका. बाहेर आल्यावर लगेच तपशील लिहून काढा.
- अनोळखी व्यक्तीचे पार्सल, औषध किंवा ‘नुसते तिकडे द्यायचे’ पाकीट स्वीकारू नका.

तक्रार कोठे करावी?

१. *जागेवर :* तपासणीच्या ठिकाणी सीआयएसएफचे पर्यवेक्षक अधिकारी असतात. आधी त्यांच्याशी बोलावे. कर्मचाऱ्याचे नाव, वेळ आणि काउंटर क्रमांक लिहून घ्यावा. सीसीटीव्ही चित्रीकरण कायम साठवले जात नाही. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी.

२. *ऑनलाइन :* नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा केंद्र शासनाच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार नोंदवावी. नोंदणी क्रमांक जपून ठेवावा.

३. *राष्ट्रीय मानवी हक्क आयोग :* घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. शुल्क नाही. आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, तक्रार स्वीकारली जाते. सीआयएसएफ हे संघराज्याचे सशस्त्र दल असल्यामुळे आयोग अशा तक्रारीवर केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो.

४. *माहितीचा अधिकार :* सीआयएसएफला माहिती अधिकार अधिनियमातून सर्वसाधारणपणे सूट आहे. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या माहितीला ही सूट लागू नाही. अर्जात उल्लंघनाचा स्पष्ट उल्लेख करावा. मानवी हक्कांबाबतची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मान्यतेनंतर ४५ दिवसांत द्यावी लागते.

५. *न्यायालय :* मूलभूत हक्काचे उल्लंघन झाल्यास अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करता येते. लखनौमधील घटनेसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठ आहे. कोणाला बेकायदेशीरपणे डांबून ठेवले असल्यास नातेवाईक हेबियस कॉर्पस याचिका दाखल करू शकतात.

तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*तपासणीला नकार देऊन घरी परत जाता येईल का?*
होय, साधारणपणे जाता येते. मात्र सामानात काही संशयास्पद आढळले असेल किंवा तसा ठोस संशय असेल, तर थांबवून पोलिसांना बोलावले जाऊ शकते.

*चौकशीमुळे विमान चुकले तर भरपाई मिळते का?*
सुरक्षा तपासणीतील विलंबासाठी विमान कंपनी सहसा भरपाई देत नाही. चौकशी सुरू होताच आपल्या विमानाची वेळ अधिकाऱ्यांना सांगावी आणि कंपनीच्या काउंटरला कळवण्याची विनंती करावी.

*डिजियात्रा वापरणे सक्तीचे आहे का?*
नाही. चेहरा ओळखून प्रवेश देणारी ही सुविधा ऐच्छिक आहे. कागदी किंवा मोबाइलवरील तिकीट आणि ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येते.

*लहान मुलांना एकटे प्रश्न विचारता येतात का?*
मूल घाबरले असल्यास पालकांनी सोबत राहण्याची मागणी करावी. १८ वर्षांखालील व्यक्तीला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ ची वेगळी प्रक्रिया आहे.

*परदेशातील विमानतळावर हेच हक्क मिळतात का?*
नाही. तेथे त्या देशाचा कायदा लागू होतो. मात्र अटक झाल्यास भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. १९६३ च्या व्हिएन्ना करारात तशी तरतूद आहे. दूतावासाचा क्रमांक मोबाइलसोबत कागदावरही लिहून ठेवावा, कारण अशा वेळी मोबाइल आपल्याजवळ असेलच असे नाही.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा.